बोरच्या पाण्यातला फेस

हसू नका, पण आमच्या हुडकेश्वरच्या बोरच्या पाण्यात दाढीच्या साबणाचा फेसच येत नाही. सीताबर्डीच्या बाजारातून ब्रश अन् साबण आणल्यापासून मी रोज घोटून राहिलो होतो, अन् गालावर नुसतं पांढरं पाणी!

बायको म्हणे, "अवो, ट्यूबमधलं क्रीम लावा न!"

"नाही. फेस काढीन तर याच साबणाचा."

त्या दिवशी पोरीले पाहाले पाहुणे येणार होते. मी प्यायच्या आरओ फिल्टरचं पाणी घेतलं अन् घोटलं. काय सांगू, सायीसारखा घट्ट फेस! खुशीत दोनदा दाढी केली, ब्रशही त्याच पाण्यानं धुतला. फिल्टर रिकामा झाला अन् तेवढ्यात लाइट गेली, मग तो भरणार कसा? पाहुण्यांचा चहा बोरच्या खाऱ्या पाण्यात झाला.

मुलाच्या वडिलांनी एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. मग माझ्या कानामागं राहिलेल्या फेसाकडं पाहतच बसले. "फिल्टरचं पाणी यांनी दाढीतच संपवलं जी," बायको त्यांना म्हणाली अन् मले डोळ्यांनी खाऊन राहिली होती. मले वाटलं, गेली सोयरीक!

ते जवळ सरकले अन् हळूच म्हणाले, "आमच्या घरीबी बोरच हाय जी. फिल्टरच्या पाण्यात इतका फेस येते का?"