आधी टेबल तपासा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पतपेढीचे चेअरमन माननीय व्हिन्सेंट कोरिया साहेब, दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून आलेले आपले प्रमुख पाहुणे डॉक्टर प्लासिड डाबरे, व्यासपीठावरील सन्माननीय संचालक मंडळी, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह अपुरं पडलं त्या आमच्या मथुराताई राऊत, होळी गावाहून आलेले त्यांचे आप्त, आगाशीपासून नायगावपर्यंतचे सभासद, माझे सहकारी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या माझ्या गास गावच्या बायांनो, आपणा सर्वांना डेल्फिन लोपीसचा मनापासून नमस्कार.

माझ्याआधी चार वक्त्यांनी मथुराताईंची सचोटी, शिस्त, वक्तशीरपणा यांवर उत्तम भाषणं केली. त्यांत मी काय भर घालणार? मी भाषण करणारी बाई नाही, मी कॉम्प्युटर चालवणारी बाई आहे. आणि आज एकोणनव्वद साली हे वाक्य मला इथे उभं राहून छाती पुढे काढून म्हणता येतं, ते का, एवढंच मला सांगायचं आहे. अध्यक्ष महाराज, त्यात आपलाही उल्लेख येईल. आपण आधीच हसताय, म्हणजे परवानगी आहे असं मी धरते.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर आपल्याकडे दोन कॉम्प्युटर आले. उद्घाटनाचा दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. फादरांनी आशीर्वाद दिला, भटजींनी हळदकुंकू लावलं, आणि एक संचालक नारळ घेऊन थेट यंत्रावरच फोडायला निघाले तेव्हा मथुराताई मध्ये उभ्या राहिल्या. "नारळ उंबऱ्यावर फोडा," त्या म्हणाल्या, "पाणी या खोक्यात गेलं तर आजच विसर्जन करावं लागेल." लोक हसले. पण त्या दिवसापासून त्या यंत्राची जबाबदारी त्यांच्याकडे आली, कारण विभागप्रमुख त्या होत्या. चालवायला मी आणि मायकल परेरा. मायकलची नोकरी कायम होती. मला मात्र फक्त या कामासाठी हंगामी घेतलं होतं.

सभासदांना कॉम्प्युटर दिसावा, अशी अध्यक्ष साहेबांची इच्छा. म्हणून दोन्ही यंत्रं पुढच्या हॉलमध्ये, पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर मांडली. टेबलं कोणती? तर उभ्याने खातेवह्या लिहायची जुनी उंच टेबलं. खुर्च्याही तशाच उंच, लाकडी, पाठीला एक फळी. माझे पाय जमिनीला टेकत नसत आणि मान मात्र कायम वर, वेदीवरच्या क्रुसाकडे पाहावं तशी. दुपार कलली की ऊन थेट कॉम्प्युटरच्या काचेवर यायचं. काचेत हिरवी अक्षरं कमी आणि रांगेत उभे सभासद जास्त दिसायचे! त्यात यंत्राच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या. काचेजवळ तोंड नेलं की केस उभे राहायचे.

नाताळच्या सुमारास मला दिवस गेल्याचं कळलं. घरात आनंदीआनंद. पण डोकं रोज दुपारी ठणकायचं, मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. आणि एका महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी कामावरून थेट चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला गेले. गुडघे टेकले, वर पाहिलं, तर वेदीवरची पांढरीशुभ्र चादर मला गुलाबी दिसली. फादरांचा झगा गुलाबी. मी डोळे चोळले. तरी गुलाबी. माझी नजर चालली की काय? आणि नजर जात असेल, तर पोटातल्या जीवाचं काय?

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. माझ्या सासूबाई आग्नेसबाय इथेच दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या माहेरच्या कुणीतरी मुंबईहून बातमी आणली होती की त्या काचेतून किरण निघतात आणि पोटातल्या पोराला बाधतात. त्या आमच्या बोलीत बोलल्या, मी साध्या मराठीत सांगते. त्या म्हणाल्या, "पोरी, पगार आज नाही तर उद्या मिळेल. हे लेकरू गेलं तर ते कुठून आणायचं?"

त्या प्रश्नाचं ओझं घेऊनच मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

तीच बातमी पतपेढीतही पोचली होती. फेब्रुवारीच्या संचालक सभेत अध्यक्ष साहेबांनी ठराव आणला की, विवाहित स्त्री कर्मचाऱ्यांस संगणक विभागात नेमू नये. ठराव वाईट हेतूने आला नव्हता, हे मी साहेबांच्या समोर सांगते आणि त्यांच्या पाठीमागेही हेच सांगत आले आहे. त्यांना माझी काळजीच वाटली होती. पण त्या काळजीचा अर्थ काय होता? दुसऱ्या विभागात हंगामी जागा नव्हती. म्हणजे डेल्फिनने घरी जावं. आणि पुढे ज्या मुली येतील, त्यांनी लग्न होताच घरी जावं.

मला सभेत बोलावलं होतं. मी दाराशी उभी. ठराव वाचून झाला. अनुमोदन मिळालं. तेवढ्यात मथुराताई खुर्ची मागे सारून उठल्या.

"साहेब, हिच्या अंगात काय बिघडलंय हे कोणी पाहिलं?"

"बाई, हा नाजूक विषय आहे," साहेब म्हणाले. "ती गरोदर आहे. डोकं दुखतं, डोळ्यांना गुलाबी दिसतं. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी सहा दिवस हिच्या खुर्चीत बसलेय," मथुराताई म्हणाल्या. "हिला कामाला दुसरं टेबल दिलं आणि मी बसले. माझं डोकं दुखलं. माझी मान आखडली. घरी गेल्यावर सुनेने ताटात वाढलेला भात मला गुलाबी दिसला. मी चोपन्न वर्षांची विधवा, साहेब. माझ्याबद्दल काही शंका आहे का?"

साहेबांनी ठरावाचा कागद खाली ठेवला.

"आणि मायकल," त्यांनी दाराकडे हात केला. बिचारा मायकल माझ्यामागे उभा होता. "तू सांग. तुला काय होतं?"

मायकल आधी माझ्याकडे बघायला लागला, मग जमिनीकडे. शेवटी म्हणाला, "मलाही तेच होतं बाई. मान, डोकं, सगळं. गुलाबी पण दिसतं. सांगितलं तर काम काढून घेतील असं वाटलं."

मथुराताई साहेबांकडे वळल्या. "मग मायकलला कितवा महिना लागला म्हणून लिहू?"

मंडळी, संचालकांच्या सभेत एवढा मोठा हशा त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. साहेब स्वतः चष्मा काढून डोळे पुसत होते. पण मथुराताई हसल्या नाहीत. हशा ओसरू दिला आणि त्या म्हणाल्या, "बाईची कूस तपासायच्या आधी टेबल तपासा. मार्च अखेरचे हिशेब होईपर्यंत मला मुदत द्या. हिची तब्येत सुधारली नाही, तर ठराव मीच मांडीन."

मुदत मिळाली. आणि सभेतून बाहेर आल्यावर त्या मला बाजूला घेऊन काय म्हणाल्या, ते फक्त मला माहीत आहे. "डेल्फिन, मी भांडले म्हणून तू बसलीच पाहिजेस असं नाही. भीती वाटत असेल तर आज सांग. तुझी नोकरी टिकावी म्हणून मी वेगळी भांडेन. पण ठरवायचं तू. संचालकांनी नाही, मीसुद्धा नाही."

मी डॉक्टर प्लासिड यांच्याकडे गेले. डॉक्टर, आपण तेव्हा मला खोटा धीर दिला नाहीत, याबद्दल मी आज जाहीर आभार मानते. आपण म्हणालात, "किरणांचं पक्कं मला सांगता येणार नाही. त्याचा अभ्यास अजून चालू आहे. पण गुलाबी दिसण्याने घाबरू नकोस. हिरव्याकडे फार वेळ पाहिलं की डोळा थकतो आणि पांढऱ्याला तो रंग देतो. विश्रांती दिली की जातं. मला काळजी आहे ती झिणझिण्या देणाऱ्या त्या पत्र्याची आणि तुझ्या लोंबकळणाऱ्या पायांची." मग मी ठरवलं. बसायचं. पण नीट मांडलेल्या टेबलाशी.

पहिल्यांदा वायरमन हरिश्चंद्र आले. त्यांनी प्लग उघडला आणि कपाळाला हात लावला. अर्थिंगच नव्हतं! तीन पिनांतली मोठी पिन नुसती शोभेला. त्यांनी मागच्या अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. मिठागरांच्या आपल्या भागात मिठाला काय तोटा! खड्डा ओला राहावा म्हणून आपले शिपाई गंगाराम रोज घागर ओतायचे आणि आत येऊन सांगायचे, "बाय, यंत्राला पानी पाजून आलो." झिणझिण्या त्या दिवशीच थांबल्या. मायकल एकदा स्क्रू काढून खोक्याचं मागचं झाकण उघडायला गेला, तर हरिश्चंद्र ओरडले, "हात काढ! बंद असला तरी आत करंट साठलेला असतो." तेव्हापासून आमच्या विभागात ते झाकण कंपनीच्या माणसाशिवाय कुणी उघडत नाही.

मग सुतार आला. टेबलांचे आणि खुर्च्यांचे पाय कापले. काचेची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली आणि माझे पाय आयुष्यात पहिल्यांदा पतपेढीच्या जमिनीला टेकले. हात लांब केला की बोटं जेमतेम काचेला लागावीत, एवढं अंतर. आणि किरणांची शंका नको म्हणून यंत्राच्या मागच्या बाजूला कुणी बसायचं नाही.

पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. ऊन अडवायला मथुराताईंनी खिडकीला जाड काळा पडदा लावला. हॉल सिनेमाचं थिएटर झाला. आठवडाभर आमची डोकी पहिल्यापेक्षा जास्त दुखली. काळोखात ती हिरवी काच डोळ्यांत घुसायची. मी मनात म्हटलं, संपलं आता. मथुराताई सकाळी आल्या, अंधारात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. गंगाराम, पडदा उतरवा." मग आम्ही सगळ्यांनी मिळून टेबलंच फिरवली. खिडकी समोर नाही, पाठीमागे नाही, तर डाव्या हाताला. पातळ मांजरपाटाचा पडदा. डोक्यावरची ट्यूब जरा सरकवली. आणि नियम केला की तास झाला की उठायचं, खिडकीशी जायचं, पलीकडच्या केळीच्या वाडीकडे बघायचं. साहेब एकदा आले तर आम्ही दोघं केळी बघत उभे. "कामाच्या वेळी हे काय?" मथुराताई म्हणाल्या, "साहेब, हे कामच आहे. आपणही या." आणि साहेब आले. तिघे ओळीने केळी बघत होतो.

तरी घरचा गड जिंकायचा राहिलाच होता. एके दिवशी आग्नेसबाय न सांगता पतपेढीत आल्या. लाल लुगडं नेसून, जणू लग्नाला निघाल्या. मथुराताईंनी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. आग्नेसबायंनी पाय टेकवून पाहिले. पाठ टेकून पाहिली. पत्र्याला हात लावला. मग काचेतली हिरवी अक्षरं न्याहाळली.

"बाई," त्यांनी विचारलं, "तुमची सून असती तर तुम्ही बसवली असती का?"

मथुराताईंनी त्या कापलेल्या टेबलावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "या टेबलाशी बसवली असती. आधीच्या टेबलाशी नाही. आणि तिची इच्छा असती तरच."

आग्नेसबाय माझ्याकडे वळल्या. "तुझी इच्छा आहे?"

मी म्हटलं, "आहे."

"मग बस," त्या म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या. तो क्षण, मंडळी, माझ्यासाठी कुठल्याही बढतीपेक्षा मोठा आहे.

मार्च अखेर आली. दरवर्षी व्याजाचे हिशेब एप्रिलभर चालायचे, कारकून डोळे चोळत बसायचे. त्या वर्षी मी सहाव्या महिन्यात, मायकल शेजारी, मथुराताई मागे फेऱ्या घालत, तास भरला की आम्हाला हाकलत. एकतीस तारखेला दुपारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत, शेवटचं खातं जुळलं! यंत्राने कागद बाहेर टाकला, मायकलने शिट्टी वाजवली आणि पूर्ण हॉलमध्ये टाळ्या झाल्या. रांगेतले सभासदसुद्धा टाळ्या वाजवत होते, कशाला ते त्यांना कळलंही नसेल. माझं डोकं दुखत नव्हतं. भिंत पांढरी दिसत होती.

पुढच्या सभेत अध्यक्ष साहेबांनी स्वतः उभं राहून ठराव मागे घेतला. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "आम्ही चुकीच्या गोष्टीची तपासणी करत होतो." साहेब, खुर्चीत बसलेल्या माणसाला असं उभं राहून बोलणं सोपं नसतं. आपण बोललात. त्याच सभेत मला कायम केलं. जुलैत माझी कॅथरिन जन्मली, ठणठणीत, आणि आवाज असा की गासहून नाळे गावापर्यंत ऐकू जावा. रजा संपल्यावर मी आले तेव्हा माझी खुर्ची रिकामी ठेवलेली होती.

मथुराताई, आज आपण निवृत्त होताय. आपल्या विभागात आज सहा यंत्रं आहेत आणि सहाही खिडकीला बगल देऊन बसली आहेत. मुंबईच्या पतपेढ्यांतून लोक आमची टेबलं बघायला येतात. पण आपल्या जागी कोण, हा प्रश्न महिनाभर सगळ्यांच्या तोंडी होता. काल संध्याकाळी संचालक मंडळाने निर्णय घेतला आणि तो जाहीर करण्याचा मान अध्यक्ष साहेबांनी मला दिला आहे.

संगणक विभागाच्या नव्या प्रमुख आहेत रिटा घोन्सालविस. कामात आमच्या सगळ्यांच्या पुढे, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि आज सातव्या महिन्यात. या नावाला अनुमोदन देताना एकाही संचालकाने तिच्या तब्येतीबद्दल विचारलं नाही. फक्त अध्यक्ष साहेबांनी एवढं विचारलं, की तिच्या खुर्चीला पाठीला गादी आहे ना?

रिटा, तू उठू नकोस, बसूनच नमस्कार कर. आणि मथुराताई, तुम्ही मात्र जरा उभ्या राहा. लोकांना तुम्हाला डोळे भरून पाहायचं आहे.

टाळ्या थांबेपर्यंत मी थांबते. वेळ मी ठरल्यापेक्षा जास्त घेतला, मोठ्यांची थोडी चेष्टाही केली. ती प्रेमाची होती असं समजून घ्यावं. बोलण्यात काही कमीअधिक झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपल्याच घरची मुलगी म्हणून पदरात घ्यावं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपले मनःपूर्वक आभार.