टाळ्यांसाठी थांबवलेली गोळी

सन्माननीय अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती रखमाजीराव धुमाळ. शेजारी बसलेले मामलेदारसाहेब. बदली झाली म्हणून ज्यांना निरोप द्यायला आज आपण शाळेच्या या पडवीत जमलो ते दवाखान्याचे डॉक्टर दामले. आणि वेल्ह्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

माझ्या, म्हणजे या साहेबराव मास्तराच्या, हाती कर्णा आला की तो लवकर सुटत नाही, म्हणून अध्यक्षांनी घंटी जवळ घेऊन ठेवली आहे. हरकत नाही. डॉक्टरांनी उतरवलेली विंचवाची विषं आणि भर पावसात तोरण्याखालच्या वाडीवर जाऊन केलेली बाळंतपणं, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी आपला माझ्या घरचं सांगतो.

माझी विशाखा नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला हात धुण्याचा नाद लागला. दाराची कडी लागली, की धू. कुणाचं भांडं लागलं, की धू. आईनं, म्हणजे आमच्या अंजनाबाईंनी, विहिरीवरून आणलेली कळशी ती एकटी रिती करायची. आणि मी काय केलं असेल? मी कौतुक केलं! माझ्या आईला ज्या विहिरीच्या काठावर उभं राहू दिलं नाही, त्याच विहिरीचं पाणी आज आमच्या घरात येतं. पोरांना मी पहिल्यापासून बजावलेलं, असं स्वच्छ राहा की कुणाला बोट दाखवायला जागा उरू नये. आल्यागेल्याला मी तिचे हात दाखवायचो. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या, त्या मला दिसल्या नाहीत. दिसल्या असतील, मी पाहिल्या नाहीत.

डॉक्टर शाळेत देवीची लस टोचायला आले, त्यांनी पाहिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, ही शिस्त नव्हे. हा मंत्रचळ आहे, आजार आहे. पुण्याला दाखवू." आणि आपली सुट्टी मोडून आमच्याबरोबर एसटीत बसले.

पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. वस्तीत कुजबुज झाली, मास्तराच्या पोरीला वेडाच्या गोळ्या चालू झाल्या. मंडळी, तुम्ही काय केलं असतं? गोळी द्यावी, तर आपणच लेकीला वेडी ठरवल्यासारखं वाटतं. न द्यावी, तर तिची कातडी सोलवटताना बघत बसायचं. आम्ही दिली. हळूहळू हात भरून आले. पण तोंड कोरडं पडायचं, जीभ जड व्हायची, वर्गात डोळा लागायचा. अंजना म्हणायची, "हात बरं झालं, पर माझी पोरगी कुठं गेली?"

त्यात यंदाची जयंती आली. वस्तीतून भाषणाला विशाखाचं नाव निघालं. ही पोरगी लहानपणी बोलायला लागली की माणसं वाटेत थांबायची. अशी जीभ अडखळलेली मला चालेना. मी गोळी बंद केली. अंजना म्हणाली, "आवो, डागदरास्नी इचारा तरी." मी म्हटलं, "थोड्या दिसांनी काय होतंय?"

ती बोलली. काय बोलली महाराजा! टाळ्या थांबेनात, आणि मी छाती काढून उभा.

पुढच्याच आठवड्यात हात पुन्हा फुटले, पहिल्यापेक्षा वाईट. पेन धरवेना. मी डॉक्टरांकडे गेलो. वाटलं, झाडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "विशाखाला विचारलं होतंत का?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "साहेब, गोळी पुन्हा चालू करायची का कायमची सोडायची, तुम्हीच ठरवून जा." ते म्हणाले, "मी औषधाचं बरंवाईट सांगेन. ठरवायचं तुम्ही तिघांनी." तिघांनी! आम्ही तोवर दोघंच भांडत होतो.

काल ती ओट्यावर हातांना खोबरेल लावत बसली होती. मी शेजारी बसून विचारलं. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "घेते आबा. जयंतीला टाळ्या वाजल्या ना, तवा मी मनात म्हणत हुते, आता ही समदी हात लावून शाबासकी देतील, मग धुवायला पाणी कुठनं आणू?" आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "पर गोळी घेतल्यावर मला तसं बोलता न्हाई यायचं. तुमाला चालंल न्हवं?"

मी बाप आहे तिचा. बरं व्हायला तिनं माझी परवानगी मागितली, अध्यक्षमहाराज. घंटी वाजवा खुशाल, माझं होतच आलंय.

डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार मानायला माझ्याजवळ मोठे शब्द नाहीत. जिथं जाल तिथं लोकांना असंच अवघड विचारत राहा. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि कर्णा आणणाऱ्या मंडळींचेही आभार.

एक खुलासा राहिला. आपल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत या जागी 'मनोगत : कु. विशाखा' असं छापलं आहे. ते नाव गेल्या पंधरवड्यात मीच दिलं होतं, तिला न विचारता. ती आलेली नाही. सकाळी गोळी घेतली आणि आता घरी आईजवळ झोपली आहे. तिच्या वेळात मी बोललो. काही उणंअधिक बोललो असेन, तर पोटात घाला. त्यातलं तिचं काही नाही, सगळं माझं आहे.