ईरानं पहिल्यांदा वाचलं ते

ईराला वाचायला कसं शिकवलंस, असं तुम्ही सगळे विचारता ना? खरं सांगू, मी नाहीच शिकवलं.

वाचता येईना म्हणून शाळेत तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तेव्हापासून पुस्तक दिसलं की पोरीच्या पोटात दुखायचं. शेवटी मी तिला घरीच शिकवायला घेतलं. वर्ष गेलं, पण आठ वर्षांची पोर एक ओळ वाचेल तर शपथ.

एक दिवस दिघीतल्या आमच्या बिल्डिंगची लाइट गेली आणि ईरा एकटीच लिफ्टमध्ये अडकली. वॉचमन दाराची चावी शोधायला पळाला. मी बंद दाराला तोंड लावून ओरडत होते, "बाळा, आई इथंच आहे!"

आतून नुसतं रडणं येत होतं. मग तेही थांबलं. श्वास कोंडला असेल का हिचा? दार बडवत मीच हमसून रडायला लागले.

तेवढ्यात बारीक आवाज आला. "आई, इथं छोटा दिवा लागलाय. त्याच्याखाली काहीतरी लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"घा... घाब... घाबरू... नका. घाबरू नका!"

"पुढं वाच, बाळा."

"मदत... येईल."

दार उघडेपर्यंत ती तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत राहिली. बाहेर आली आणि माझे डोळे पुसत म्हणाली, "आई, एवढं मोठ्यानं वाचून दाखवलं, तरी तू रडतेसच?"