देवीच्या ताटातलं
आमच्या थळच्या आत्यासमोर पुढाऱ्यानंसुद्धा जपून बोलावं. निवडणुकीत एक उमेदवार थेट गावदेवीच्या देवळात आला आणि माइकवरून म्हणाला, "देवीची शपथ घ्या, मत धर्मालाच द्या!"

नेमका त्याच दिवशी कोळीवाड्याचा देवीला कोंबड्याचा नैवेद्य होता. आत्यानं प्रसादाचं ताट त्याच्यापुढे धरलं. रस्सा बघून तो दोन पावलं मागे सरला.

"अहो, देवळात हे असलं? निवडून आलो की पहिलं हे बंद करतो."

आत्यानं त्याच्या हातातला माइकच काढून घेतला.

"देवीच्या ताटातला तुला चालत न्हाय, आन् देवीच्या नावाचा मत बरा चालतो रं?"