पेवावरचा हात

माझं माहेर मंठ्याच्या अंगाला, दिलं आष्टीकडं, तवा निजामाचं राज व्हतं आन् मी असंन नऊ-धा वर्साची, पर आधी ह्ये सांगा ताई, ह्ये लिहून तुम्ही कुणाला दाखवणार? तसं न्हाई, लिहा, पर झाल्यावर सगळं वाचून दाखवायचं आन् मंगच उठायचं. मला वाचता येत न्हाई म्हणून कुणी कायबी लिहावं, असं मी आजवर चालू दिलं न्हाई.

संशय माझ्या अंगातच. माय म्हणायची, ही पाळण्यात बी एक डोळा उघडा ठिवून निजायची. लग्नात मी नवऱ्याच्या तोंडाकडं न्हाई, पायाकडं पाहून राह्यली व्हती, लंगडा असंल तं काय घ्या, बोहल्यावर काय, उभंच राह्यचं असतंय. लंगडा न्हवता. चांगला माणूस व्हता, बोलायला कमी, कामाला वाघ. सासू-सासरे लौकरच गेले, मालक आन् धाकले भावजी दोघंच भाऊ, घर माझ्या हाती आलं. निंदणं, खुरपणं, कापूस येचणं, सारा जलम मातीत गेला, पर कूस काही उजवली न्हाई. लोकं मालकाला म्हणायचे, दुसरी कर. मालक गप ऐकून घ्यायचे, आन् त्यांचं ते गप राह्यणं मला लई भ्या घालायचं.

मंग भावजीचं लगीन झालं, रुकमा आली, बदनापूरची, रेल्वेच्या गावची. लई हसायची. मला वाटायचं, इतकं कशाला हसती, काय तरी लपवत असंल. आमच्यात ज्वारी कणगीत भरली की तोंड शेणानं लिंपून टाकायचं, किडा लागत न्हाई. मी लिंपलं की वल्ल्या शेणावर माझा हात उठवायची. ही करंगळी पहा, लहानपणी दारात सापडून वाकडी झाली, असा हात दुसऱ्या कुणाचा न्हाई, म्हणजे रुकमानं चोरून कणगी उघडली आन् पुन्हा लिंपली तरी मला बराबर कळणार. तिनं कधी उघडली न्हाई. तरी मी म्हणायची, हुशार हाय, मौका पाहून राह्यली.

काय सांगू ताई तुम्हाला, मंग लढाईचा काळ आला, सरकारची लेव्ही लागली, घरात ज्वारी दिसली की उचलून न्यायचे. आमच्या गोठ्यात जुनं पेव व्हतं, पेव म्हणजे जमिनीतला खड्डाच, दोघा भावांनी त्यात सालभराची ज्वारी ओतली, वर फरशी टाकली, माती लोटली. मालक म्हणले, वरून सारवून घे, कुणाला कळू देऊ नको. मी सारवलं. बराबर सारवलं.

आठ दिसांनी गिरदावर आला, लेव्ही वसूल करणारा सरकारी माणूस. आम्ही शेतात व्हतो, घरी रुकमा एकली. आलो तं पेव उघडं, ज्वारी सरकारी गाडीत, आन् मालकाला चावडीवर दिसभर उन्हात ओणवं उभं केलं. घरी आले तं पाठ सरळ होईना. एकच बोलले, ज्यानं सांगितलं त्याचं तोंड पाहणार न्हाई. मी रुकमाकडं पाह्यलं, तिनं खाली पाह्यलं. झालं! खाली कोण पाहतंय? आन् नुकतीच माहेरी जाऊन आल्ती, तिचा भाऊ जालन्याला कचेरीत चपराशी, मी सगळं जुळवलं. म्हणलं, रुकमे, तुझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांग, तू न्हाई सांगितलं. तिनं हात ठिवला न्हाई, बोलली बी न्हाई. मालकानं भावजीला वायलं काढलं. दोन लेकरं, एक गाय, निघाले बदनापूरला. त्या साली आम्ही अंबाडीच्या भाजीवर दिस काढले, आन् दर घासाला मी तिला शिव्या घातल्या.

निजाम गेला तशी लोकांची तोंडं उघडली. आमचा म्हातारा कोतवाल, त्या दिशी गिरदावराच्या संगं व्हता, तो मला नदीवर भेटला. म्हणला, थोरल्या बाई, कुणी चुगली केली न्हाई. गिरदावरानं कणगीवरचा हात पाह्यला. गोठ्यात गेला तं भुईवर बी तोच हात, वाकड्या करंगळीचा. तुमच्या जावेनं जल्दी जल्दी त्याच्यावर शेणाची पाटी ठिवली, त्यानं पाटी लाथाडली आन् म्हणला, खोदो.

व्हय ताई. मघाशी मी तुम्हाला येवढंच सांगितलं न्हाई. सारवून झाल्यावर मी पेवावर बी हात उठवला व्हता, रुकमानं उकरून माहेरी धाडू न्हाई म्हणून. कुंपणानंच शेत खाल्लं, आन् मी दुसऱ्याचं ढोर हाकलून दिलं.

तरी कोतवालावर माझा इश्वास बसंना. म्हणलं रुकमानंच शिकवून धाडला असंल. मालकाला मावशी बिमार हाय म्हणून सांगितलं, परतूरला रेल्वेत बसले आन् बदनापूरला गेले. रुकमा भाकरी थापून राह्यली व्हती. म्हणली, या अक्का, पाणी घ्या. मी पाणी खाली ठिवलं, म्हणलं, भुईवरचा हात तू पाह्यला व्हता? म्हणली, व्हय. मंग बोलली का न्हाईस? तिनं तव्यावरची भाकरी उलथली आन् म्हणली, अक्का, तुम्हाला लेकरू न्हाई. थोरल्या मालकाला कळलं असतं तं त्यांनी तुम्हाला तवाच माहेरी धाडून दुसरी केली असती. मला दोन लेकरं, मला कोण टाकतंय, वायलं निघालो येवढंच.

मी तिथंच चुलीम्होरं बसून रडले. आन् परतीच्या गाडीत पुन्हा मनात आलंच, माणूस दुसऱ्यासाठी इतकं करतंय का कुठं? ह्यात तिचा काय तरी फायदा असंल. लई वर्सं शोधला ताई मी तिचा फायदा. न्हाई सापडला.

घरी येऊन मालकाला सगळं सांगितलं, मनात म्हणलं, धाडायचं तं धाडा आता. आठ दिस बोलले न्हाईत. नवव्या दिशी धुतलेलं धोतर नेसले आन् भावाला आणाया गेले.

आता मालक न्हाईत, भावजी न्हाईत, रुकमा बी गेली. तिच्याच लेकाच्या घरी खाते मी. त्याची बायको कणगी लिंपती आन् मला हाक मारती, मोठ्याई, या, हात उठवा. मी म्हणते, नको बाई, उघडी राह्यली तरी चालंल, खाणारी तुझीच लेकरं, सुखी ऱ्हाय.

काय म्हणता, वाचून दाखवू? राहू द्या, लिहिलं असंल तुम्ही बराबर. रुकमाचं नाव कुठं हाय, तेवढं बोट ठिवून दाखवा.