वखारीच्या दारात उलाळलेल्या गाडीबाबत जबाब

माझे नाव नीलम्मा चन्नवीर हिरेमठ, वय वर्षे २२, जात लिंगायत, धंदा शिक्षिका, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. शिक्षण प्रथम घरी वडिलांजवळ, पुढे मराठी फायनल.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, कापसाच्या वखारीतील हमालांचा वर्ग मी दुपारच्या सुट्टीत घेते. माल कसा भरावा हे खेळण्यातील लाकडी गाडी व विटांचे तुकडे घेऊन शिकवते. गाडी उलाळली, म्हणजे मागे ओझे जास्त होऊन जू आपोआप वर गेले, की भरणारा हरला. यात पैसे लावत नाहीत. हा जुगार नाही, हे मी मघाशीच सांगितले आहे.

मुकादम मानसिंग एकदा खेळले. त्यांची गाडी उलाळली. त्यांनी जुवावर बोट दाबले व जिंकलो म्हणाले. बोट हा माल नव्हे, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "बाई, माझ्याकडं बोटांना तोटा न्हाय."

आज सकाळी मी वर्गाचे सामान ठेवायला वखारीत गेले. दारात रुईच्या गाठींची गाडी जुंपलेली होती. गाठी मागे जास्त होत्या. जू दबावे म्हणून मुकादमांनी दानम्मा या हमाल बाईला पुढे बसवले. ती म्हणाली, "मुकादम, म्या उतरले की गाडी उठंल की." ते म्हणाले, "मग उतरू नगंस." गाठी पुढे सरकवा, असे मी सांगितले. शाळा दुपारी भरते, असे मला उत्तर मिळाले.

इतक्यात शेठजींची मोटार आली. मोठ्या माणसासमोर गाडीवर बसून राहू नये, अशी येथे रीत आहे. मुकादमांनी पागोटे सारखे केले व दानम्माला म्हणाले, "उतर की खाली. मालक आल्यात, दिसंना व्हय?" ती बसूनच राहिली. त्यांनी पुन्हा सांगितले. ती उतरली. जू उठले, बैलांचे गळे आवळले, बैल उसळले आणि एक गाठ घसरून मागे उभ्या कल्लप्पाच्या मांडीवर पडली. तो सरकारी दवाखान्यात आहे. शेठजी मोटारीतून उतरले नाहीत.

दानम्मा आपल्या मनाने उतरली असे मुकादम म्हणतात, म्हणून तिला येथे चौकीवर धरून आणले आहे. त्यांनी उतर म्हटलेले बाकी कोणी ऐकले नाही म्हणतात. मुकादमांचा आवाज एरवी वखारभर जातो. आज तो मला एकटीलाच कसा ऐकू आला, हे मला सांगता येत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मुकादमांनी उतरायला सांगितल्याचा मजकूर त्यात नव्हता. जमादारसाहेब प्रथम राहून गेला म्हणाले, मग जागा नाही म्हणाले. समासात जागा होती. तेथे तो लिहून घेतला. आता सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते.