मेट्रनचा भाजलेला हात

(निवृत्त मेट्रनचं स्वयंपाकघर. टेबलावर मलमपट्टीचा ट्रे. घरी आलेली सिस्टर एके काळी हिच्याच वॉर्डात शिकलेली.)

मेट्रन : आधी नखं दाखव.

सिस्टर : मॅडम, मी हातमोजे घातलेत.

मेट्रन : हातमोज्यांच्या आत नखं नसतात वाटतं. एवढ्या नर्सेस पडल्यात जगात, आणि माझ्या मुलाला नेमकी तूच सापडलीस.

सिस्टर : मलाही हौस नव्हती. दारावरची पाटी वाचली आणि परत फिरणार होते.

मेट्रन : फिरायचं होतंस. पण नाही म्हणणं तुला कधी जमलंय? त्या पेशंटने हट्ट धरला, आणि तू बिनदिक्कत त्याच्या फोडाला सुई लावलीस. पू झाला बिचाऱ्याला.

सिस्टर : आणि तुम्ही अख्ख्या वॉर्डासमोर माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतलीत. पेशंट हसले होते. झाली ना फिटंफाट? हात इकडे करा. तळवा वर.

मेट्रन : फोडायचा नाही, सांगून ठेवते.

सिस्टर : माहीत आहे. फोडावरची कातडी हीच पहिली पट्टी. तुमच्या शिव्यांसकट पाठ आहे. कशाने भाजलं?

मेट्रन : दुधाच्या भांड्याची दांडी तापली होती. फडकं घ्यायचं राहिलं.

सिस्टर : मग भांडं टाकून द्यायचं ना.

मेट्रन : टाकून कशाला? टेबलावर आणून ठेवलं.

सिस्टर : शेगडीपासून इथपर्यंत? तशीच दांडी धरून?

मेट्रन : दूध काय जमिनीवर ओतू? तू पट्टी करायला आलीस की उलटतपासणी घ्यायला?

सिस्टर : दोन्ही. आई एकटी राहू शकेल का, तेवढं नीट बघून सांगा, असं म्हणालेत तुमचे चिरंजीव. मी नाही म्हटलं, तर येत्या शनिवारी गाडी घेऊन येतात.

मेट्रन : म्हणजे मी माझ्या घरात राहायचं की नाही, ते तू ठरवणार.

सिस्टर : हो.

मेट्रन : मजा वाटत असेल.

सिस्टर : वाटतेय. खोटं कशाला बोलू? आता खिडकीकडे बघा. फोडाच्या कडेने धुते. दुखलं की सांगा.

मेट्रन : सांगेन. न सांगायला मी काय दगड आहे?... स्स्. हळू जरा. अजून हात तसाच आडदांड आहे तुझा.

सिस्टर : मॅडम.

मेट्रन : काय?

सिस्टर : मी अजून हातच लावलेला नाही. बाटलीचं झाकण उघडत होते.

मेट्रन : मग उघड ना लवकर.

सिस्टर : अशा फोडाने माणूस कळवळतो. कधीपासून कळत नाहीये?

मेट्रन : आधी तळपाय गेले. साखर आहे मला. मग हळूहळू बोटं.

सिस्टर : डॉक्टरांना सांगितलंत?

मेट्रन : डॉक्टर मुलाचा मित्र. त्याला सांगितलं की घराला कुलूप लागलंच म्हणून समज.

सिस्टर : आणि उद्या पदर पेटला तर? तो जळका वास आल्यावरच कळेल तुम्हाला.

मेट्रन : जीभ चांगलीच धारदार झालीय तुझी.

सिस्टर : तुमच्याच हाताखाली झाली.

मेट्रन : हे बघ. मी कुणापुढे हात पसरलेले नाहीत कधी. सुनेच्या घरात चहासुद्धा विचारून करावा लागेल मला. तिथे मी मरेन गं. त्याला नको सांगूस.

सिस्टर : माझ्या जागी तुम्ही असता तर?

मेट्रन : माझं सोड.

सिस्टर : सोडायचं कसं? पेशंट गयावया करतोय, आणि तुम्हाला दिसतंय की तो स्वतःला जाळून घेणार आहे. काय केलं असतंत?

मेट्रन : त्याच क्षणी घरच्यांना बोलावलं असतं.

सिस्टर : गयावया ऐकून?

मेट्रन : ऐकून. वर त्यालाच झापलं असतं.

सिस्टर : मग मी काय करू, तुम्हीच सांगा. खरंच सांगा. मला मजा वाटायची थांबलीय आता.

मेट्रन : फोन बाहेरच्या खोलीत आहे. पण आधी हातातलं काम पुरं कर. बोटांच्या मध्ये गॉज घाल, नाहीतर एकमेकांना चिकटतील. आणि पट्टी आवळू नकोस.

सिस्टर : पट्टी केव्हाच झालीय, मॅडम. तुम्ही अजून खिडकीकडेच बघताय.